कोपीची दारे

आठवण कलेत उतरवताना ती घडली तशीच उतरवावी, हे खरे. परंतु तेव्हा जे मिळाले नाही ते आता तिला द्यावे काय, याचा निवाडा ज्याने भोगले त्यानेच करावा.

मानोऱ्याजवळच्या तांड्यावर कमलीबाई आपल्या लेकीच्या, निताच्या, लग्नात द्यावयाची चादर भरत होती. ऊसतोडीसाठी जिथे जिथे बिऱ्हाड केले, तिथली पाचटाची कोपी ती टाक्याटाक्याने कापडावर उभी करी आणि प्रत्येकीस लाल दार लावी.

नवरा रूपला हसला. "अवं, कोपीले दार कधी होतं? नुसता लुगड्याचा पडदा. तोडीवाले हासतीन. उसव ते."

"हासू द्या. नाही उसवत."

"मंग खोटं काहून भरून राह्यली?"

सुई न थांबवता ती म्हणाली, "तुमी थकून घोरत होते. मी निताले पोटाशी धरून त्या पडद्याकडं पाहत राती काढल्या. आता तरी पोरीले निजू द्या."

रूपलाने एका लाल दारावरून बोट फिरवले. मग तो हळूच म्हणाला, "कडी बी भर. आतल्या अंगानं."

कमलीबाईने चादर उलटी केली आणि पहिल्या दाराच्या पाठीमागे कडी भरायला घेतली.

त्या दारांआड निजणाऱ्या सर्वांना अभय असो.