शेवटची तालीम

बाई न्याहारीच्या खोलीत शिरल्या आणि लांब टेबलावरची कुजबुज एकदम थांबली.

"सकाळी सकाळी काय गुलूगुलू चाललंय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. टोकाला बसलेल्या चिमणीने नुसते ओठ हलवले. बाईंच्या गायनवृंदातली सगळ्यात उंच, सगळ्यात खणखणीत आवाजाची मुलगी. चिमणी हे नाव तिला थट्टेनेच पडलेलं. एरवी एका हाकेत अख्खं मैदान गप्प करणारी ही पोर आज तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती.

"जरा स्पष्ट बोल की."

चिमणी उठून जवळ आली. "काही नाही बाई. बॅगा कधी भरायच्या, ते ठरवत होतो."

बॅगा भरण्यासाठी कोणी कुजबुजत नाही, एवढं बाईंना कळत होतं.

परदेश दौऱ्याचा हा शेवटचा दिवस. संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम आणि उद्या परतीचं विमान. निघताना बाई हरखून गेल्या होत्या. पण इथे पाय ठेवल्यापासून सगळंच बिनसलं होतं. मुलं कोपऱ्यात घोळका करायची आणि बाई जवळ गेल्या की पांगायची. तालमीत तर कहरच. कितीही सांगा, आवाज मोकळा म्हणून सोडत नव्हती. "घशात बोळे कोंबलेत का?" असं बाईंनी दरडावलं की पोरं लालबुंद होईपर्यंत तोंडं वासायची, आणि बाहेर यायचं ते अर्धंमुर्धं. कालच्या कार्यक्रमाला टाळ्यासुद्धा बेताच्याच पडल्या. इथली माणसंच शिष्ट, असं बाईंनी मनाला समजावलं. पण खरं दुखणं त्यांना ठाऊक होतं. मुलांना कोणीतरी फितवलं होतं.

आणि ते कोणीतरी पियानोवर बसत होतं.

ती त्यांची सख्खी भाची. बहीण गेल्यावर बाईंनीच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, सा कुठे लावायचा तेही त्यांनीच शिकवलं. आता ती वृंदाला साथ करायची. काल दुपारी बाईंनी तिला जिन्याखाली संस्थेच्या चिटणिसांशी बोलताना पाहिलं होतं. दोघांची डोकी जवळ, चिटणीस सारखी मान हलवत होते. बाई दिसताच ते नको इतके गोड हसले. पुढच्या वर्षी वृंद कोणाच्या हाती द्यायचा, हे परत गेल्यावर चिटणीसच ठरवणार होते.

न्याहारीनंतर बाईंनी भाचीला जिन्यात गाठलं.

"चिटणिसांशी कसली खलबतं चालली होती?"

भाची वळून अगदी समोर येऊन उभी राहिली. हल्ली ती अशीच तोंडासमोर तोंड आणून बोलायची. बाईंना ते उद्धटपणाचं वाटे.

"तुझ्याबद्दलच बोलत होते, मावशी."

"निदान कबूल तरी केलंस."

"घरी गेल्यावर आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी येते ना सोबत."

"म्हणजे मला आजारी ठरवायचं आणि घरी बसवायचं. हे तुझ्या डोक्यातून निघालं की त्यांच्या?"

"आधी माझं ऐकून तरी घे."

"पुरे झालं ऐकणं. आज संध्याकाळी तू साथीला बसायचं नाहीस. पोरं नुसती माझ्या हाताच्या इशाऱ्यावर गातील."

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. "आज नको, मावशी. मी पियानोवर नसले तर पोरं घाबरतील."

"पोरांचं मी बघते."

तिने पुढे काहीतरी म्हटलं, पण तोवर बाईंनी पाठ फिरवली होती.

दुपारी त्या खोलीत आडव्या झाल्या. डोळा लागेना. भाचीला लहानपणी गोवर निघाला तेव्हा त्या तिच्या उशाशी बसून होत्या. ताप चढला की पोर त्यांचाच पदर मुठीत धरायची. तेच हात आता आपल्या खुर्चीकडे वळावेत? दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं.

त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि ठरल्या वेळेआधीच सभागृहाकडे निघाल्या.

रंगमंचामागच्या बोळात मुलांच्या पिशव्यांचा ढीग पडला होता. म्हणजे सगळे आत जमले होते, त्यांना न कळवता. तालमीच्या खोलीचं दार बंद होतं. दाराशी फरशी पुसणारी एक मध्यमवयीन कामवाली पुसण्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून, डोळे मिटून उभी होती. तिची मान हळूहळू डुलत होती. भर कामात झोप काढतेय, बाईंच्या मनात आलं. त्यांनी तिला हाताने बाजूला केलं आणि दाराला कान लावला.

एक अक्षर बाहेर येत नव्हतं. इतकं बेमालूम, इतकं दबकं बोलायला पोरांना कोणी शिकवलं, हे आता वेगळं सांगायला नको होतं. चिटणीसही आत असतील तर बरंच, सगळ्यांचा एकदमच निकाल लागेल. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं आणि दार धाडकन लोटलं.

चिटणीस नव्हते. भाचीची बोटं पियानोवर आवेशाने आदळत होती. तिच्याभोवती सगळी मुलं उभी होती, चिमणी सर्वांत पुढे. डोळे मिटून, तोंडं पूर्ण उघडून, गळ्याच्या शिरा तटतटेपर्यंत सगळी जीव तोडून गात होती. आणि उघड्या दारात उभ्या असलेल्या बाईंपर्यंत त्यातली पोचत होती ती फक्त कुजबुज.