दुसरा भाग

कॉलेजात असताना जगन्नाथ नाईकांच्या विज्ञान कादंबरीचा दुसरा भाग सुरुचीनं अर्ध्यावरच मिटला होता. पहिल्या भागात शनीपर्यंत जाऊन आलेली नायिका या भागात पृथ्वीवर परतते आणि अंतराळात राहून दुबळे झालेले पाय घेऊन पानंच्या पानं नुसती चालायला शिकते. "त्यापेक्षा शनीवरच राहिली असती तर बरं झालं असतं," असं सुरुची मैत्रिणींना सांगत सुटली होती.

चौदा वर्षांनी स्कूटरचा अपघात झाला आणि विरारच्या घरात ती सहा महिने अंथरुणाला खिळली. तेव्हा तिनं तेच पुस्तक मागवून घेतलं आणि या वेळी एकेक पान पुरवून वाचलं. वॉकर धरून ती पहिल्यांदा चालली, त्याच संध्याकाळी तिनं जवळच्या गास गावी नाईकांच्या घरी फोन लावला.

"सर, तुमचा दुसरा भाग मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता."

"कुणालाच नव्हता आवडला," ते हसून म्हणाले.

"आज मी बारा पावलं चालले, सर. तुमच्या नायिकेचं बघून."



"बारा? तो भाग लिहीत होतो तेव्हा मला पहिल्या दिवशी चारच जमली होती," ते म्हणाले. "आता रोज राजोडीच्या समुद्रापर्यंत जाऊन येतो."