खुर्चीचा डावा पाय

चमच्याचा दांडा स्क्रूच्या खाचेत काही केल्या बसेना. डॉक्टरबाई खुर्चीखाली आडव्या पडल्या होत्या. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. चार वाजायला दहा मिनिटं होती. चारच्या ठोक्याला सुतार यायचा, आणि त्याआधी खुर्ची बिघडायला हवी होती.

एकदाचा स्क्रू फिरला. दोन आटे सैल झाले. बाईंनी उठून खुर्ची हलवून पाहिली. झकास कुरकुरली. तीस वर्षं लोकांना खरं बोलायला शिकवणाऱ्या मनाच्या डॉक्टरने हे असले धंदे करावेत! बाईंनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. या खुर्चीपायी मागितलेली ही सातवी माफी होती, त्यामुळे ती फार लांबवली नाही. चमचा धुऊन कपात ठेवला आणि चेहरा गंभीर केला.

हे सगळं सुताराच्या बायकोमुळे सुरू झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती एकटीच आली आणि बाहेरच्या खोलीतल्या याच खुर्चीवर बसून रडली होती.

"थोरले दीर गेल्यापासून ह्यांनी नव्या लाकडाला हात लावलेला नाही, बाई. लेकीला सातवा लागलाय. पाळणा बाबांच्या हातचा, असं तिने केव्हाचं ठरवलंय. फळ्या आणून भिंतीला टेकवल्यात. हे नुसते त्यांच्याकडे बघत बसतात. परवा म्हणाले, माझं आता इथे काय काम उरलंय?"

"त्यांना घेऊन या माझ्याकडे."

"तुमच्याकडे? मला काय वेड लागलंय, म्हणून घर डोक्यावर घेतील." तिने डोळे पुसले. मग खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं. "पण खुर्ची मोडलीय म्हटलं ना, तर भरल्या ताटावरून उठून येतील."

म्हणून खुर्ची मोडली.

पहिल्या बुधवारी सुतार फक्त खुर्चीशी बोलला, तेही रागाने. "कुणी केलीय ही? बसायला केलीय की शिक्षा द्यायला?" दुसऱ्या बुधवारी त्याने खालूनच हुकूम सोडला, "डॉक्टरबाई, नुसत्या बघू नका. तो पाय धरा." बाईंनी पाय धरला. हात कामात गुंतले की माणसाचं तोंड आपोआप मोकळं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या बुधवारी ते मोकळं झालं.

"सव्वीस वर्षं दुसरं टोक दादाने धरलं," तो खुर्चीखालून म्हणाला. "मी रंधा मारायचो, तो फळी धरायचा. दुरुस्तीचं काय, एकट्याने होते. नवं काही करायचं, तर पलीकडे कुणीतरी लागतं."

बाईंनी पाय तेवढा घट्ट धरून ठेवला.

चौथ्या बुधवारी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भुसा गेला," तो म्हणाला. स्क्रू पिळताना भुसा उडत नाही, एवढं बाईंनाही कळत होतं. त्यांनी रुमाल पुढे केला आणि भुशालाच चार शिव्या घातल्या.

पाचव्या बुधवारी मात्र घात झाला. आतल्या खोलीत फोन चालू होता, आणि बाई चमच्याचं साफ विसरल्या. आठवलं तेव्हा सव्वाचार झाले होते. धावत बाहेर येऊन बघतात तर सुतार खुर्चीशेजारी मांडी घालून बसलेला. धडधाकट खुर्ची पाहून आता हा उठणार, पिशवी उचलणार आणि पुन्हा येणार नाही. पण त्याने खुर्ची हलवली, तर ती कुरकुरली! "बघा, पुन्हा ढिली," तो वैतागून म्हणाला. देव पाठीशी असला की लाकूडसुद्धा साथ देतं. बाईंनी पाठीमागे हळूच हात जोडले.

आज आठवा बुधवार. चार वाजले आणि सुतार आला. पण आज त्याच्या पिशवीतून सरसाचा डबा निघाला आणि मूठभर लाकडी खुंट्या. त्याने एकेक करून सगळे स्क्रू काढले, सांध्यांत सरस भरला आणि खुंट्या ठोकल्या. बाईंच्या छातीत तेवढेच ठोके पडत होते.

"झालं. आता ही जन्मात हलायची नाही."

"असं कसं? हवा बदलली की लाकूड जरा..."

"नाही हलायची, बाई."

आता खुर्ची नाही म्हणजे बुधवारही नाही. बाईंना राहवेना. "आणि पाळणा?" त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. पाळण्याबद्दल तो त्यांच्याशी कधी एक अक्षर बोलला नव्हता. बाईंनी जीभ चावली.

सुतार हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"काल झाला. बायकोला म्हटलं, तू धर दुसरं टोक. तिरकं धरते, वर मलाच ओरडते. पण धरते." त्याने हात पुसले आणि टेबलावरची नोंदवही बाईंकडे सरकवली. "पुढच्या बुधवारी चारला लिहा. खुर्ची नका लिहू, माझं नाव लिहा. बोलायचं अजून बरंच राहिलंय."

मग त्याने पिशवीतून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कपातल्या चमच्याशेजारी उभा केला.

"हा असू द्या जवळ. चमच्याने स्क्रूची डोकी खराब होतात."

बाईंचे कान लाल झाले. "तुम्हाला... केव्हा कळलं?"

"दुसऱ्याच बुधवारी." सुताराने पिशवी खांद्याला लावली. दारात वळून तो म्हणाला, "पण पाचव्या बुधवारी तुम्ही विसरलात. तेव्हा मलाच सैल करावा लागला."