अकरावं मिनिट

हा नियम ज्यानं लिहिला, त्याच्या पोटात आयुष्यात कधी कावळे ओरडलेले नाहीत.

नियम स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे, खाली मोठ्या साहेबांची सही. गिऱ्हाईक टेबलावरून उठलं आणि दहा मिनिटं ट्रेला कुणाचा हात लागला नाही, की तो ट्रे टाकून दिलेला समजावा. त्यावर निळं साबणाचं पाणी ओतावं, मग पिंपात रिकामा करावा. पिंपातलं काढून कुणी खाऊ नये म्हणून. कुणी म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. ट्रे उचलणाऱ्या बायकांना ते न लिहिताच कळलं.

दुपारचा एक. बाहेर रोलर कोस्टर खाली सुटला की माणसं किंचाळत होती. आत फूड कोर्टात तीच माणसं, तिकिटाबरोबर मिळालेले कागदी मुकुट घालून, जेवत होती. कठड्याजवळच्या टेबलावर मोठे साहेब. महिन्यातून एकदा ते पाहणीला येत आणि मुद्दाम गिऱ्हाइकांत बसून जेवत. फोटो चांगले येतात. समोर गरम पाव, भाजलेली कोंबडी, बटाट्याच्या फोडी. पहिला घास घेणार, तोच फोन वाजला. साहेब उठले आणि काचेच्या दारातून गच्चीत गेले.

खांबापाशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या धाकटीनं भिंतीवर पाहिलं. विदूषकाच्या तोंडाचं घड्याळ, काटे नाकाभोवती फिरणारे. एक वाजून चार मिनिटं.

तिला इथे सगळे धाकटीच म्हणत, कारण तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत थोरलीही इथेच होती. त्या शेवटच्या दिवशी सकाळी सातपासून थोरलीच्या पोटात काही नव्हतं. पिंपापाशी उभं राहून, साबण ओतायच्या आधी, तिनं कुणीतरी सोडलेला अर्धा पाव तोंडात कोंबला. कॅमेऱ्यानं पाहिलं. त्याच दिवशी तिला काढलं आणि गालात घास असलेला तिचा फोटो हात धुवायच्या बेसिनवर लावला. खाली एकच शब्द: चोर. धाकटी दिवसातून वीस वेळा त्या फोटोखाली हात धुते. थोरली आता घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवते.

एक वाजून दहा. साहेब गच्चीत हसत होते.

"काय गं, पुतळा झालीस का?" घड्याळमामा आला. सुपरवायझर. गळ्यात कायम स्टॉपवॉच, टेबल रिकामं झालं की बटण दाबायचा. त्यावरून पडलेलं नाव.

"मामा, कठड्याजवळचं टेबल. घड्याळ लावलंत ना?"

"साहेबांचं टेबल आहे ते, बाई."

"साहेब सोडून, असं लिहिलंय नियमात?"

"डोकं फिरलंय का तुझं? जा, तिकडे पोरांनी सरबत सांडलंय, ते पूस आधी."

ती गेली. सरबत पुसलं, आत जाऊन हात धुतले आणि परत आली. एक वाजून पंधरा. एक मिनिट तिनं वरचं दिलं होतं. थोरलीला कुणी अर्धंही दिलं नव्हतं.

तिच्या हातात निळी बाटली होती. ती बाटली आजवर दाराबाहेर कधी आली नव्हती. गिऱ्हाइकांची भूक मरेल म्हणून सगळं आतल्या आत चाले. पण कुठं ओतायचं, ते नियमात लिहायचं राहून गेलं होतं.

धाकटीनं झाकण उघडलं. घाई केली नाही. पावावर, कोंबडीवर, फोडींच्या मधल्या फटींत. एक कोपरा कोरडा ठेवला नाही. थोरलीनंच शिकवलं होतं तसं.

शेजारच्या टेबलावरच्या आजींचा घास हातातच राहिला. "अगं बाई! चांगलं अन्न गं!"

साहेब धावत आले. फोन अजून कानाला.

"ए! काय केलंस हे?"

"टाकून दिलेलं होतं, साहेब. अकरा मिनिटं."

"टाकून दिलेलं? माझं जेवण होतं ते! अन्नाची अशी नासाडी करतात? घरी काही शिकवलं नाही का कुणी?"

"म्हणजे अकरा मिनिटांनंतरही ते अन्नच होतं?"

"मग काय कचरा होता?"

धाकटीनं अॅप्रनच्या खिशातून फोटो काढला. कोपऱ्यांना अजून भिंतीच्या रंगाचे पोपडे चिकटलेले. तिनं तो ट्रेशेजारी ठेवला, साहेबांना सरळ दिसेल असा.

"ही माझी बहीण. कचरा खाल्ला असेल, तर चोर कशी? आणि अन्न खाल्लं असेल, तर त्यावर रोज साबण ओतायला लावणारा कोण?"

"नोकरी नकोशी झालेली दिसते तुला."

"ती गेली, माहितेय मला. ते विचारलंच नाही मी."

साहेबांनी घड्याळमामाकडे पाहिलं. घड्याळमामा फोटोकडे पाहत होता. आजींनी डोक्यावरचा मुकुट काढून मांडीवर ठेवला. निळा फेस ट्रेच्या कडेवरून साहेबांच्या खुर्चीवर थेंब थेंब गळत होता.

कामगारांनी गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसायचं नाही, हाही एक नियम. धाकटीनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"दहा मिनिटं तुमची, साहेब. मामा, लावा घड्याळ."

इतक्या वर्षांची सवय. घड्याळमामाच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

"हं, बोला. काय खाल्लं माझ्या बहिणीनं?"