पुढच्या खोलीतला इतिहास

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीही पुढच्या खोलीत त्यांची शिकवणी रंगली होती. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला हा माणूस आर्ट्सच्या मुलांना इतिहास शिकवायचा. "राजा गादीवर बसला, ठीक. पण चढला कुठल्या स्टॉपवर? आणि त्याला जागा द्यायला उठवलं कुणाला?" मुलं आधी हसायची, मग एकमेकांशी भांडून उत्तर शोधायची. आत लेकीचा फोन चालू होता. "कसला गोंधळ?" तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी पलीकडून विचारलं. "बाबांचं लेक्चर," म्हणत तिने दार लोटलं. ऑफिसात तिने बाबांना केव्हाच प्राध्यापक करून टाकलं होतं. आज साहेब भेटायला आले, तेव्हा सतरंजीवर बाबांचे विद्यार्थी बसले होते. "सर कुठल्या कॉलेजात होते?" साहेबांनी हळूच विचारलं. मुलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "कुठल्याच नाही," ती म्हणाली. "बाबा बसवर कंडक्टर होते. मला त्यांची लाज वाटायची."