आठवडाभराचा पाहुणा

"थापा मारायच्या तर जरा पटतील अशा तरी माराव्यात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा अहवाल टेबलावर आपटला.

वर्ग खुदखुदला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचा मुख्य विषय गणित. समाजशास्त्र मायनरला घेतलं होतं, सोपं जाईल म्हणून. डोंबलाचं सोपं! मायनर राहिला म्हणजे पदवी अडली, आणि पदवी त्याला हवीच होती. एकदा शिक्षण अर्धवट सुटलं होतं. दुसऱ्यांदा सोडायचं नव्हतं.

मॅडमनी दिलेला प्रयोग वरवर साधा होता. आठवडाभर आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागायचं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, उठताबसता आभार मानायचे आणि घरचे काय करतात ते टिपायचं. आधी कोणाला सांगायचं नाही, शेवटी मात्र सांगायचंच. अहवालात नातीही लिहायची नाहीत. नातं आलं की माणूस पाघळतो, असं मॅडमचं मत. जो जे काम करतो, तेच त्याचं नाव.

बाकीच्यांच्या घरी हलकल्लोळ झाला होता. एकीच्या घरी रडारड, एकाला ताप आला असेल म्हणून डॉक्टरकडे नेलं, एकाच्या पाठीत धपाटा बसला. "आभार कसले मानतोस, डोकं फिरलंय का?"

त्याच्या अहवालाचा सारांश एका वाक्यात मावत होता. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही.

"हे शक्यच नाही," मॅडम म्हणाल्या. इतरांना अरे-तुरे करणाऱ्या मॅडम त्याला मात्र 'तुम्ही' म्हणत, आणि ते अंतर त्याला टोचायचं. "घरचं माणूस परक्यासारखं वागलं की घर हलतं. तुमच्या घरात माणसं राहतात की कपाटं? प्रयोग केलाच नाहीत तुम्ही. पुन्हा करा, नाहीतर मी पास करणार नाही."

"केला होता, मॅडम. मनापासून केला होता."

"मग जोर लावून करा."

जोर लावून म्हणे! घराचा जिना चढताना तो मनातल्या मनात मॅडमचा उद्धार करत होता. प्रत्येक मजल्यावर थांबून, धुसफुसून, मग पुढचा जिना. दारावरची पितळी पाटी पुन्हा काळवंडली होती. ती घासायचं काम त्याच्याकडेच. दुसरं कोणी तिला हात लावत नसे. किल्ली खिशात असूनही त्याने बेल वाजवली. प्रयोग म्हणजे प्रयोग.

अहवालातल्या शाळकरीने दार उघडलं आणि मोबाइलमधून मान वर न काढता आत निघून गेली.

"आत येऊ का?" त्याने उघड्या दाराला विचारलं.

स्वयंपाकघरात बँकवाली डबे लावत होती.

"चहा करून घेतला तर चालेल का?"

"आता नको. ओटा आत्ताच पुसलाय."

"बरं. आभारी आहे."

"हं."

आभारी आहे! घरात कोणी असं बोलतं का? पण त्या बाईची भुवईसुद्धा हलली नाही.

तो बाहेरच्या खोलीत येऊन सोफ्याच्या अगदी कडेला, अवघडून बसला. बातम्या लावू का, असं विचारलं. "मी बघतेय," शाळकरी म्हणाली. नीट टेकून बस, असं कोणी म्हणालं नाही.

मग त्याने जोर लावला. अंघोळीला जाण्याआधी परवानगी मागितली. कपडे बॅगेत भरून बॅग दाराशी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. संध्याकाळी इंजिनिअर कामावरून आला आणि त्याने ती पायाने बाजूला सारली. "वाटेत कोणी ठेवलीय ही?" एवढंच. कोण निघालंय, कुठे निघालंय, काही नाही.

आठवड्याच्या शेवटच्या जेवणाला त्याने हुकमाचं पान टाकलं.

"एक विचारायचं होतं. त्या आतल्या खोलीत मी अजून किती दिवस राहिलो तर चालेल?"

आता तरी कोणाचा घास अडेल. कोणीतरी ओरडेल. नुसतं 'वेड लागलंय का' म्हणाले असते, तरी तो पास झाला असता.

इंजिनिअरने बँकवालीकडे पाहिलं. उत्तर दोघांनी आधीच ठरवलेलं असावं, कारण ते लगेच आलं.

"उन्हाळ्यापर्यंत चालेल. मग ती खोली हिच्या अभ्यासाला लागेल."

शाळकरीने आनंदाने मूठ आवळली.

मॅडमवरचा इतक्या दिवसांचा राग बिऱ्हाड बदलून या टेबलाशी येऊन बसला. काय चुकीचं बोलली होती ती बाई? कपाटंच होती ही.

तो उठला आणि कोणालाही न विचारता त्याने टीव्ही बंद केला. तिन्ही माना एकदम वर झाल्या.

"शेवटी सांगायचं असा नियम आहे, म्हणून सांगतो. हा कॉलेजचा प्रयोग होता. आठवडाभर मी इथे पाहुण्यासारखा राहिलो. विचारून पाणी प्यायलो, विचारून बसलो."

"पण हे तर नेहमीचंच..." बँकवाली म्हणाली आणि मध्येच थांबली.

त्याने चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"आता प्रतिक्रिया सावकाश दे, मला टिपून घ्यायची आहे," तो इंजिनिअरला म्हणाला. "हे घर मी घेतलंय, पाटीवर नाव माझं आहे. उन्हाळ्यापर्यंत तुम्ही तिघं इथे राहिलात, तर तुझ्या बापाची काही हरकत नाही."