प्रचाराचा फोटो
निवडणुकीला उभे राहिलेले क्रोवेल हेस्टरच्या ओहायोतल्या स्टुडिओत आले, ते शिपायाचा निळा कोट घालूनच. "हे फोटो खेडोपाडी वाटायचेत, बाई." दक्षिणेतल्या राज्यांविरुद्धच्या युद्धावेळी सक्तीच्या भरतीत क्रोवेलांचं नाव निघालं, तेव्हा पैसे देऊन त्यांनी हेस्टरच्या भावाला, एझ्राला, आपल्याऐवजी धाडलं होतं. हेस्टरने त्यांचं डोकं लोखंडी टेकूला लावलं. "मी झाकण लावेपर्यंत हलू नका. चेहरा पुसट येईल." भिंगावरचं झाकण काढून ती बोलू लागली. "एझ्रा खंदकात पाणी मागत मेला, तुमच्या जागी. आणि शिपाई म्हणून मिरवता तुम्ही? लाज वाटत नाही?" झाकण लावून हेस्टरने कॅमेऱ्यातली फोटोची काच आत नेऊन रसायनाने धुतली. मिशीचा केसन्केस स्पष्ट उमटला होता. माणूस तसूभरही हलला नव्हता. "कसा आलाय?" दारात येऊन त्यांनी विचारलं. हेस्टरने काच त्यांच्या पायाशी आपटली.